बडोदा स्क्वाड्रनचे स्पिटफायर: रंगकाम आणि डायोरामाची मांडणी

विश्वामित्रीकाठ

रॉयल एअर फोर्सची १२४ क्रमांकाची स्क्वाड्रन मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाजवळील कॅसलटाउन येथे नव्याने उभी राहिली आणि गायकवाड सरकारच्या देणगीमुळे तिला 'बडोदा' हे नाव मिळाले. महाराज प्रतापसिंहराव गादीवर येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. लक्ष्मी विलास राजवाड्यावरून रोज जाणाऱ्या आणि सयाजीबागेत लहानाचे मोठे झालेल्या आपल्यापैकी पुष्कळांना हे ठाऊक नाही. म्हणून येत्या गणेशोत्सवात दांडिया बाजारातील आमच्या मंडळाच्या देखाव्याशेजारी या स्क्वाड्रनचे एक विमान काचपेटीत मांडावे, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. मॉडेल १:४८ प्रमाणातील स्पिटफायर मार्क पाच-बी या लढाऊ विमानाचे आहे. जोडणी जवळजवळ पूर्ण झाली असून रंगकाम आणि मांडणी हा महत्त्वाचा भाग आता सुरू होईल. माझा विचार सविस्तर मांडतो; जाणकारांनी त्यात भर घालावी.

अशा कामात रंगाची बाटली उघडण्याआधी तारीख ठरली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ऑगस्ट १९४१ पर्यंत ब्रिटिश लढाऊ विमानांची वरची बाजू गडद हिरव्या आणि मातकट तपकिरी पट्ट्यांची असे, आणि पोट 'स्काय' या फिकट हिरवट रंगाचे असे. लढाई इंग्लंडच्या शेतांवरून इंग्लिश खाडीच्या पाण्यावर सरकली तशी तपकिरीची जागा ओशन ग्रे या निळसर करड्या रंगाने घेतली आणि पोट मीडियम सी ग्रे झाले. स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी) आणि शेपटीपुढचा १८ इंची पट्टा मात्र स्काय रंगाचाच राहिला. पुढचा बदल १९४२ च्या मे ते जुलै या काळातला आहे. तेव्हा विमानाच्या अंगावरील ब्रिटिश ओळखखुणेच्या वर्तुळातली पांढरी आणि पिवळी कडी बारीक झाली आणि शेपटीवरच्या तीन समान पट्ट्यांपैकी मधला पांढरा पट्टा अगदी अरुंद झाला. आमची स्क्वाड्रन नोव्हेंबर १९४१ मध्ये केंट परगण्यातील बिगिन हिल तळावर आली आणि त्याच सुमारास तिला मार्क पाच-बी विमाने मिळाली. म्हणून मी डिसेंबर १९४१ हा महिना धरला आहे. हा महिना धरला की करडे-हिरवे अंग, जाड पिवळ्या कडीचे वर्तुळ आणि समान पट्ट्यांची शेपटी या तीनही गोष्टी आपोआप ठरतात. खोक्यातल्या डीकॅलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांच्या, कागदावर वेगवेगळ्या वर्षांच्या खुणा शेजारी शेजारी छापलेल्या असतात, आणि तारीख मनाशी पक्की नसेल तर त्या बेमालूमपणे एकाच विमानावर येऊन बसतात.

मापे अशी निघतात. ३५ इंची वर्तुळ १:४८ मध्ये साडेअठरा मिलिमीटरचे होते, आणि त्यातील लाल ठिपका व पुढची तीनही कडी १:३:५:७ या प्रमाणात असतात. शेपटीपुढचा पट्टा साडेनऊ मिलिमीटर येतो. स्क्वाड्रनची 'ओएन' ही अक्षरेही स्काय रंगातच आहेत. ही अक्षरे आणि पट्टा मास्किंग टेप कापून एअरब्रशने रंगवण्याचा माझा विचार आहे, कारण डीकॅलमधला स्काय आणि बाटलीतला स्काय सहसा जुळत नाहीत आणि तो फरक हातभर अंतरावरूनही दिसतो.

रंगांचा क्रम नेहमीचाच आहे: प्रायमर, पोटाचा करडा, मग वरचा ओशन ग्रे आणि शेवटी गडद हिरवा. हिरव्या पट्ट्यांची कड किती मऊ ठेवायची, हे मात्र जपून ठरवावे लागते. खऱ्या विमानावर ती कड जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर विरघळलेली असे, म्हणजे आपल्या प्रमाणात अर्धा मिलिमीटर. चिकट पुटीच्या बारीक वळ्या करून त्या सीमारेषेवर बसवाव्यात आणि फवारा पृष्ठभागाशी काटकोनात धरावा. तो तिरका धरला, तर रंग वळीखाली शिरतो आणि कड धुरकट होते.

येथे बडोद्याच्या हवेचा विचार करणे भाग आहे. पावसाळ्यात लॅकर फवारले तर हवेतला दमटपणा थरात अडकून पांढुरकी झाक येते. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की ॲक्रिलिक रंग नोझलच्या टोकावरच सुकतो आणि पृष्ठभागावर रवाळ पडतो. रंग सुकणे लांबवणाऱ्या रिटार्डरने थोडा आराम पडतो, पण थोडाच. म्हणून फवाऱ्याचे सगळे काम या हिवाळ्यातच उरकावे आणि कुंचल्याचे व जमिनीचे काम उन्हाळ्यासाठी ठेवावे, असे ठरवले आहे.

झिजेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण माझे सर्वाधिक लक्ष तिकडे आहे. स्पिटफायरच्या कॉकपिटचे दार डाव्या बाजूला आहे. वैमानिक डाव्या पंखाच्या मुळावर पाय देऊन आत शिरतो, आणि विमानाची निगा राखणारे फिटर व रिगर दिवसातून अनेकदा तिथूनच चढतात-उतरतात. त्यामुळे खरवडलेला रंग डाव्या पंखाच्या मुळाशी हवा; उजवीकडे तो बराच कमी हवा. ही खरवड दोन पायऱ्यांनी करणार आहे. आधी हिरव्या रंगात थोडा करडा मिसळून स्पंजच्या तुकड्याने पुसट ठिपके उमटवायचे, आणि त्यांतल्या मोजक्या ठिपक्यांच्या मध्यभागी टोकदार कुंचल्याने चंदेरी रंगाचा कण ठेवायचा. दाराच्या खालच्या कडेला आणि इंजिनाच्या आवरणाच्या स्क्रूंभोवती हेच करायचे. सुकाणू आणि शेपटीची उचलपट्टी कापडाने मढवलेली असत, तेव्हा तिथे चंदेरी ठिपका पडूच शकत नाही. प्रोपेलरची पाती लाकडी असतील, तर त्यांच्या कडांवरही चंदेरी रंग चालणार नाही.

प्रसंग उड्डाणाआधीचा घेतला आहे. इंजिन सुरू करण्यासाठी बॅटरीची हातगाडी उजव्या बाजूला जोडलेली आहे आणि पिवळे जीवरक्षक जाकीट घातलेला वैमानिक डावीकडून पंखावर पाय ठेवत आहे. मशिनगनच्या चार तोंडांवर लाल रंगाचे कापडी तुकडे चिकटवलेले असत, म्हणजे दमटपणा आत शिरत नसे आणि उंचावर गन गोठत नसे. पहिल्याच गोळीने ते फाटत. आपले विमान अजून उडालेले नाही, म्हणून हे चारही तुकडे शाबूत हवेत आणि पंखाखाली बारुदीच्या ताज्या काजळीची रेघ असता कामा नये.

जमिनीबद्दल आणि पेटीतल्या प्रकाशाबद्दल मला मदत हवी आहे. तळ ४५ गुणिले ३५ सेंटिमीटरचा आहे. मागे मातीच्या बांधाचा अर्धा आडोसा, पुढे ओले गवत आणि एका कोपऱ्यात डांबरी रस्त्याची पट्टी, एवढाच आराखडा तयार आहे.

मोजपट्टी

धागा आवडला. तारखेबद्दलच्या तुमच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली पंखाबद्दल. स्पिटफायरच्या पंखाचा पुढचा भाग कारखान्यात लुकण भरून, घासून गुळगुळीत करत असत, कारण हवेचा प्रवाह तिथे विस्कटला तर वेग घटतो. किटमध्ये मात्र पंखभर सारख्या खोल पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेषा, कोरलेल्या असतात. पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीपर्यंतच्या रेषा पुटीने भरून घ्याव्यात, आणि भरल्या नाहीत तरी निदान तिथे गडद वॉश (रेषांत उतरणारा पातळ रंग) देऊ नये. सगळीकडे सारखा वॉश दिलेला पंख फरशी बसवल्यासारखा दिसतो. वॉश वरच्या बाजूला गडद तपकिरी-करडा आणि पोटाला मध्यम करडा घ्यावा. काळा कुठेच नको. आधी चकचकीत क्लिअर कोटचे (पारदर्शक लेपाचे) दोन थर देऊन ते पूर्ण सुकू द्यावेत, मगच टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तैलरंग लावावा.

दुसरी गोष्ट रंगाच्या उजळपणाची. छोट्या मॉडेलवर मूळ रंग जसाच्या तसा लावला की तो गडद आणि जड वाटतो, म्हणून त्यात थोडा पांढरा किंवा फिकट करडा मिसळण्याची प्रथा आहे. मी ती पाळतो, पण अगदी हात राखून, आणि तुमचे विमान पेटीतल्या दिव्याखाली राहणार असल्याने एक आग्रहाची सूचना करतो. जो दिवा पेटीत बसवणार आहात, त्याच दिव्याखाली प्लॅस्टिकच्या पत्र्यावर दोन्ही रंगांचे नमुने आधी पाहून घ्या. ओशन ग्रे पिवळ्या दिव्याखाली मळकट हिरवा दिसतो आणि पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली चक्क निळा. नमुना खिडकीशी पाहून रंग ठरवला, तर पेटीत विमान वेगळेच दिसेल.

एक्झॉस्टची काजळी कशी करणार आहात?

विश्वामित्रीकाठ

मोजपट्टी, पंखाची पुढची पाव रुंदी भरून घेतो. तुम्ही सांगितलेले कारण पटले.

मार्क पाच-बीला दोन्ही बाजूंना माशाच्या शेपटीसारखी चपटी तीन-तीन धुरांडी आहेत. त्यांचा धूर सरळ रेषेत मागे न जाता पंखाच्या मुळावरून किंचित खाली वळतो. आधी खूप पातळ केलेला काळपट तपकिरी रंग कमी दाबाने फवारायचा, आणि त्याच्या मधोमध फिकट करडा पट्टा द्यायचा, कारण शिसेयुक्त पेट्रोलचा अवशेष करडा-पांढरा असतो. नुसता काळा पट्टा ओढला, तर इंजिन बिघडलेले वाटते. शिवाय जमिनीवरील कर्मचारी विमान पुसत असत, कारण स्वच्छ पृष्ठभागाने वेग वाढतो हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून काजळी कॉकपिटच्या दाराआधीच विरून जाईल इतकीच ठेवणार आहे.

निळीशाई

रंगकामातले मला फारसे कळत नाही, पण विषयाच्या निवडीबद्दल मनापासून एक प्रश्न विचारावासा वाटतो. हे ब्रिटिशांचे विमान आहे आणि त्याचे पैसे संस्थानाच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी रयतेकडून, गेलेले आहेत. लोकमान्यांनी सार्वजनिक केलेल्या उत्सवात ते मांडताना आपण नेमके काय सांगणार आहोत? त्यापेक्षा भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे हरिकेन का घेऊ नये? १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली ती विमाने लढली आणि अर्जन सिंग यांना तिथेच डीएफसी हे शौर्यपदक मिळाले. ते विमान तरी आपल्या माणसांनी चालवलेले होते.

विश्वामित्रीकाठ

निळीशाईताई, प्रश्न रास्त आहे आणि मंडळाच्या बैठकीतही तो निघाला होता. हरिकेन अवश्य करावे, आणि ते करताना आज आपण चर्चिलेले सगळे पुन्हा पहिल्यापासून ठरवावे लागेल. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी खुणेशी गोंधळ होऊ नये म्हणून वर्तुळातला लाल रंगच काढून टाकलेला होता, आणि जमीन, धूळ, प्रकाश हे सारे निराळे होते.

पण बडोद्याने दिलेले विमान बडोद्यात दाखवण्याचे कारण मला वेगळे वाटते. या शहराच्या नावाची अशी एक गोष्ट आहे जी इथल्याच लोकांना माहीत नाही. तिच्यात अभिमान वाटावा असेही काही आहे आणि तुम्ही म्हणता तो प्रश्नही आहे, आणि दोन्ही पाटीवर यावेत अशी माझी इच्छा आहे. विमान हिटलरच्या हवाई दलाविरुद्ध लढले, हे खरे. ज्या साम्राज्यासाठी ते लढले त्याने त्याच काळात आपले नेते तुरुंगात टाकले होते, हेही तितकेच खरे. पाटीवर ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी असतील. मजकुराचा पहिला खर्डा तुम्ही लिहून द्याल का?

निळीशाई

लिहून देते. मराठी आणि गुजराती, दोन्ही. या दोन वाक्यांचे आश्वासन मिळाले, म्हणून हरिकेनचा आग्रह सध्या बाजूला ठेवते.

मांडवीकर

मी लाकूडकाम करतो, म्हणून पेटी आणि प्रकाशाबद्दल लिहितो. जमिनीबद्दलही थोडे सांगेन.

तुम्ही डिसेंबर १९४१ आणि केंट असे म्हणालात. तो तळ साधारण ५१ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे डिसेंबरात भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. आपल्या बडोद्यात त्याच दिवशी तो ४४ अंशांवर असतो. पेटीच्या छतात दिवे बसवले, तर तुमचे विमान केंटमध्ये नव्हे, हरणीच्या विमानतळावर उभे राहील. १५ अंशांवरच्या सूर्याने सावली उंचीच्या पावणेचार पट पडते. तुमचा वैमानिक १:४८ मध्ये साडेतीन-पावणेचार सेंटिमीटरचा असेल, आणि त्याची सावली तेरा-चौदा सेंटिमीटर, म्हणजे विमानाच्या तेवीस सेंटिमीटरच्या पंखविस्ताराच्या निम्म्याहून लांब जाईल. ही एक गोष्ट साधली, तर हिवाळ्याची थंडी वेगळी दाखवावी लागणार नाही.

ती साधायची पद्धत अशी. पेटीची डावी बाजू काचेची न ठेवता प्लायवूडची करा आणि आतून मॅट फिकट करड्या रंगाने आकाशासारखी रंगवा. विमानापासून तीस सेंटिमीटरवर आणि त्याच्या पातळीपेक्षा आठ सेंटिमीटर उंचीवर एकच लहान, पण तेजस्वी एलईडी त्या प्लायवूडमागे बसवा आणि भोकातून प्रकाश आत सोडा. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या तळावर हे अंतर मिळवायचे, तर विमान मधोमध न ठेवता उजवीकडे सरकवावे लागेल, आणि तसे ते मध्यावरच्या विमानापेक्षा जिवंतही दिसते. एलईडीची पट्टी वापरू नका. पट्टीने अनेक सावल्या पडतात आणि सगळ्याच पुसट होतात. वरून दुधी ॲक्रिलिकमागे एक अगदी मंद दिवा द्या, म्हणजे सावलीतला भाग काळाठिक्कर राहणार नाही.

पुढची बाजू काचेचीच घ्या. ॲक्रिलिकचा पत्रा हलका असतो, पण पुसला की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि आपल्या शहरातली धूळ त्याला येऊन चिकटते. तळाच्या जोडात नमद्याची पट्टी घाला. उत्सवात धूप, कापूर आणि उदबत्तीचा तेलकट धूर दहा दिवस सतत असतो. तो एकदा मॅट क्लिअर कोटवर बसला की पुसून निघत नाही.

स्पीकरचा विचार मात्र कोणी करत नाही. ढोल-ताशा आणि मोठ्या स्पीकरच्या हादऱ्यांनी विमानाचे पाय तळावरून सुटतात आणि अँटेनाचा दांडा मोडतो. चाकांच्या तळातून अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार आरपार लाकडात उतरवा, आणि पेटीखाली जाड रबराचे चार गट्टू द्या.

जुना_रावपुरा

मांडवीकर, तेरा सेंटिमीटरच्या सावलीचे गणित मी टॉर्च आणि खडू घेऊन घरी करून पाहिले आणि बराच वेळ तेच बघत बसलो. आभार.

माझा प्रश्न नवख्याचा आहे. माझ्याकडे एअरब्रश नाही आणि कॉम्प्रेसरचा खर्च सध्या परवडणारा नाही. हेच विमान १:७२ मध्ये कुंचल्याने रंगवले, तर ते बघण्यासारखे होईल का?

मोजपट्टी

नक्की होईल. १:७२ मध्ये पंखविस्तार साडेपंधरा सेंटिमीटर येतो, आणि या आकाराला कुंचला उत्तम साथ देतो. रंग पाण्याने किंवा त्याच्याच थिनरने दुधाइतका पातळ करा, चपटा मऊ कुंचला घ्या आणि एकाच जागी दुसऱ्यांदा कुंचला फिरवण्याचा मोह टाळा. पहिल्या थरात खालचे प्लॅस्टिक दिसतच राहील. ते दिसू द्या. पहिला थर पंखाच्या लांबीच्या दिशेने आणि दुसरा रुंदीच्या दिशेने द्यावा, आणि दोन्हींमध्ये रंग पूर्ण सुकू द्यावा. तीन-चार थरांत रंग भरतो. हिरव्या पट्ट्यांच्या कडा कुंचल्याने ठळक येतील, पण या प्रमाणात मऊ कड एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच असते, म्हणजे ठळक कड वास्तवाच्या अधिक जवळ जाते. कुंचला मात्र चांगला घ्या. फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांमुळे या शहरात तो मिळायला अडचण नाही.

विश्वामित्रीकाठ

मांडवीकर, डाव्या भिंतीची कल्पना स्वीकारली. त्यामुळे मांडणीची दिशाही ठरली: विमानाचे नाक प्रेक्षकाच्या उजवीकडे तिरके ठेवले, तर कॉकपिटचे दार सावलीत जाते आणि पंखावरची सगळी खरवड दिसेनाशी होते. म्हणून नाक डावीकडे, उजेडाकडे वळवतो. तसे केल्याने विमानाची डावी बाजू आणि तिच्यावर चढणारा वैमानिक प्रेक्षकासमोर येतो, आणि त्याची लांब सावली मागे शेपटीकडे जाते. बॅटरीची हातगाडी पलीकडे पडेल. तिची केबल आणि एक वाकलेला माणूस नाकाखालून दिसला तरी पुरे.

जमिनीबद्दल अजून विचारायचे आहे. थर्माकोलवर लॅकर गेला तर तो वितळतो, हे माहीत आहे. गवतासाठी सुतळी पिंजून, कापून, फेव्हिकॉलमध्ये उभी करण्याचा विचार आहे. खरे शेवाळ वापरावे का?

मांडवीकर

खरे शेवाळ नको. श्रावणाच्या दमट हवेत बंद पेटीत त्याला बुरशी येते आणि ती काचेपर्यंत चढते. सुतळी चांगली, पण रंगवल्यानंतर उन्हात कडक वाळवा. माती वापरायची तर वस्त्रगाळ करून कढईत चांगली भाजून घ्या, म्हणजे कीड राहत नाही. आपल्याकडची माती फार पिवळी आणि कोरडी दिसते. केंटमधल्या डिसेंबरात ती काळपट तपकिरी आणि ओली असणार, म्हणून फेव्हिकॉलच्या पाण्यातच गडद तपकिरी रंग मिसळा. चाकांच्या खुणा गोंद ओला असतानाच मॉडेलची सुटी चाके फिरवून उमटवा, आणि त्या खुणांच्या तळाशीच चकचकीत क्लिअर कोटचा एक हात द्या. सगळ्या जमिनीला चमक दिली, तर चिखल न दिसता वार्निश दिसते. गवताला हिरवा आणि सुकलेल्या पेंढ्याचा, असे दोन्ही रंग द्या. तिकडे हिवाळ्यात गवत पूर्ण मरत नाही.

पाटी काचेच्या आत ठेवू नका; आतल्या एकाच दिव्याचा उजेड तिच्यावर पडला की डोळा आधी तिकडे जातो. बाहेर, पेटीच्या लाकडी कडेवर, तिरकी बसवा. पितळी पट्टीची जाडी कळवा, म्हणजे खाच तेवढी ठेवतो.

निळीशाई

मजकूर मराठीत आठ ओळींचा झाला आहे आणि गुजरातीतही तेवढाच होईल. पट्टी त्या हिशेबाने निदान वीस सेंटिमीटर लांब घ्यावी.